सेकंडहँड बेस गिटार घरच्या घरी सेट करता येईल का?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार खरखरते आणि बाराव्या फ्रेटपासून पुढे सूर चढा लागतो. दुकानदाराला पैसे न देता हे घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक सगळं जमेल. फक्त दोन्ही तक्रारींवर वेगवेगळे उपाय करत बसू नका. बेसचा एक स्क्रू फिरवला की बाकीची मापं हलतात, म्हणून आधी तारा, मग नेक, मग तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर तार सुरात येणं), हा क्रम सोडायचा नाही.

सेकंडहँड बेसवरच्या तारा कधीच्या आहेत कोण जाणे. घाम आणि मळ बसलेल्या तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि अशी तार सगळ्या फ्रेटवर सुरात येतच नाही. तारा उकळून पुन्हा लावणारी मंडळी आहेत. आवाज थोडे दिवस उजळतोही, पण सेटअपसाठी नवाच संच घ्या. नेहमीच्या 34 इंची (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) बेसला 0.045 ते 0.105 इंच जाडीचा चालतो. जास्तीची तार आधी वाकवा आणि मग कापा, नाहीतर वरचं वेटोळं सुटू शकतं. जुना संच याहून बारीक निघाला, तर तुमच्या खरखरीचं अर्धं कारण तिथेच सापडलं असं समजा: ताण कमी पडला की नेक मागे झुकते.

आता बेस सुरात लावा. खालच्या ई तारेची कंपनसंख्या जेमतेम 41 हर्ट्झ असते, त्यामुळे मोबाइलचा ट्यूनर गोंधळतो. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, फ्रेटच्या वर नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा, म्हणजे तो लगेच पकडेल.

खरं काम नेकचं. नेक अगदी सरळ नको, तारांच्या बाजूला किंचित खोलगट हवी, कारण जाड तार हलायला जागा मागते. या खोलगटपणाला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण 0.3 मि.मी. हवी. हार्डवेअरच्या किंवा ऑटो स्पेअर्सच्या दुकानात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिळतं, ते घ्या. तोवर व्हिजिटिंग कार्डावर अंदाज घेता येतो. तुमची खरखर पहिल्या काही फ्रेटवरच आहे, म्हणजे फट जवळपास नसणारच. अशा वेळी ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक ठरवणारा धातूचा दांडा) सैल करायचा: चावी लावलेल्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. कधी घट्ट करायची वेळ आली, तर आधी तारा सैल करा. आणि चावी बरोबर मापाची हवी. काही बेसना मि.मी.ची लागते, काहींना इंचाची. 'बसतेय की जवळपास' म्हणून जोर लावला की आतले कोपरे गुळगुळीत होतात आणि मग दुकानदार सांगेल ती रक्कम. रॉड फिरतच नसेल तर तिथेच थांबा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, एसीच्या खोलीत सुकतं. त्याने नेक पुढे जाईल की मागे, हे त्या त्या लाकडावर असतं, म्हणून ऋतू बदलला की फट नव्याने मोजायची.

नेक बसल्यावरच ब्रिजवरच्या सॅडलचे (तारा जिथे टेकतात त्या छोट्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू फिरवून उंची ठरवा. सतराव्या फ्रेटवर ई तार साधारण 2.4 मि.मी. आणि जी तार 2 मि.मी. ही सुरुवात धरा. जोरात वाजवत असाल तर थोडी वर. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, लागावी म्हणून मिरजेचे कारागीर तासन्‌तास घालवतात, आणि आपण इथे ती घालवायला बसलोय! पण पार नाहीशी करायच्या मागे लागू नका. अँपमधून ऐकू येत नसेल, तर नुसत्या लाकडावर येणारी थोडी खरखर मी तरी तशीच ठेवतो.

आता तुमची दुसरी तक्रार. तार उंच असेल तर दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, त्यामुळे वरची कामं झाल्यावर ती निम्मी गेलेली असेल. उरलेली अशी काढा: बारावा फ्रेट दाबून वाजवा आणि त्याच जागेवरच्या हार्मोनिकशी ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. सॅडल सरकवण्याआधी तार सैल करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावा. बेस मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरून तपासा, कारण टेबलावर आडवा ठेवला की आकडे थोडे बदलतात. शेवटी ई तारेचं सॅडल सगळ्यात मागे आणि जी तारेचं सगळ्यात पुढे, अशी पायऱ्यांसारखी तिरकी रांग दिसली तर बहुधा बरोबर जमलंय. एखादी तार कशीच सुरात येत नसेल तर पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) खाली करून बघा. चुंबक फार जवळ असला की तारेला ओढतो.

एवढं करूनही एकाच फ्रेटवर दाबल्यावर खरखर येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीची) खाच खोल गेलीय. ही दोन कामं घरी करू नका, त्यांच्या कानशी वेगळ्या असतात आणि जास्त घासलं गेलं तर भाग बदलावा लागतो. कारागिराकडे जाताना तारांचं माप आणि तुम्ही ठेवलेला रिलीफ लिहून न्या. नुसती नट किंवा फ्रेटची मजुरी पूर्ण सेटअपपेक्षा वेगळी सांगतात, ती आधी विचारून घ्या.