पारायणं झाली, वहिनींशी बोलणं राहिलं

“सोळा सोमवार झाले, पोथीची पारायणं झाली, ओंकारेश्वरला नर्मदेत स्नान करून आले. तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ताई, देव मला क्षमा करेल ना?”

इंदूरला समुपदेशन करताना हा प्रश्न मला पुष्कळदा ऐकू येतो. त्यातल्याच एका साठीच्या बाईंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईच्या तेराव्याला तिच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. बाईंनी सगळ्या नातेवाइकांसमोर वहिनींवर आळ घेतला. पुढे आईची जुनी गोधडी उसवताना त्याच पाटल्या आत शिवलेल्या निघाल्या. बाईंनी त्या कपाटात ठेवल्या आणि गप्प बसल्या. मग व्रतं सुरू झाली. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या पाटल्या खजराण्याच्या गणपतीला वाहायचं त्यांच्या मनात होतं. मी विचारलं, “पण त्या एकट्या तुमच्या आहेत का?” बाई रडल्या.

मनाची टोचणी मला वाईट वाटत नाही. ‘माझ्या हातून वाईट घडलं’ म्हणणारा माणूस ते निस्तरायला निघू शकतो. ‘मीच पापी’ म्हणत बसलं की सगळं लक्ष स्वतःवरच राहतं, आणि ज्याला दुखावलं तो तसाच दुखावलेला राहतो. आपल्या धर्मशास्त्रानंही प्रायश्चित्तात अनुतापाबरोबर पाप उघड सांगणं धरलं आहे, आणि चोरीच्या प्रायश्चित्तात वस्तू परत करायला सांगितलं आहे. बाई दर आषाढीला पंढरीनाथाच्या देवळात जाणाऱ्या. वारीत लहानथोर न बघता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. विठ्ठलापुढे त्यांचं डोकं सहज टेकायचं, अडत होतं ते वहिनींपुढे.

(काहीही अपराध नसताना ‘पाप झालं, पाप झालं’ हा विचार सुटत नसेल, तेच तेच जप आणि आंघोळी होत असतील, तर तो मंत्रचळ असू शकतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. त्यावर उपचार आहेत.)

मी वहिनींना चिठ्ठी लिहायला सुचवलं. पहिल्यांदा लिहून आणलं ते असं: ‘वहिनी, माझं चुकलंच, पण तेव्हा मी आईच्या दुःखात होते, आणि तुम्हीही किल्ल्या कुणाच्या हाती देत नव्हतात.’ ‘पण’पासून पुढचं त्यांनी स्वतःच खोडलं, मात्र त्याला बरेच दिवस गेले. त्याजागी लिहिलं एवढंच: ‘पाटल्या माझ्याकडे सापडल्या. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला आणि खरं कळल्यावरही गप्प राहिले.’ शेवटी ‘आता मनात ठेवू नका’ होतं, तेही काढलं. मनात ठेवायचं की नाही, ते वहिनींनी ठरवायचं.

वहिनींनी पाटल्या घेतल्या, चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, “वन्सं, आळ चारचौघांत घेतलात. हेही चारचौघांत सांगा.”

याची बाईंना धास्ती होती. तरी भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे जमले तेव्हा पानं वाढायच्या आधी त्या उभ्या राहिल्या आणि आवाज कापत असताना सगळं बोलल्या. एक काकू न जेवताच निघून गेल्या. वहिनी वाढत राहिल्या.

त्या दोघींचं बोलणं अजून कामापुरतंच आहे. बाई माझ्याकडे येतात. देव क्षमा करेल का, हे आता विचारत नाहीत. वहिनींनी फोन उचलला नाही की दादामार्फत गळ घालायचा मोह होतो, तो कसा आवरायचा, यावर आमचं बोलणं चालू आहे.