बरीच वर्षं स्कीइंग करतो, काळे, म्हणजे सगळ्यात अवघड, उतारही सहज उतरतो. आता पुन्हा शिकवणी लावण्यात अर्थ आहे का? ग्रुपमध्ये लावावी की एकट्याने?

लावा. फक्त "काळे उतार सहज उतरतो" हे इन्स्ट्रक्टरला सांगत बसू नका, त्यातून त्याला काहीच कळत नाही. तीव्र उतारावर माणूस कसाही खाली पोचतो. हे मी माझ्या थोरल्या भावाला इतक्यांदा ऐकवलंय की आता घरात कुणी तो विषय काढत नाही.

मला स्कीइंग दादानेच शिकवलं. तो शिकला तेव्हा स्की सरळसोट असायच्या, दोन मीटरहून लांब. कडेला बाक जवळजवळ नाहीच, त्यामुळे अंग वर उचलून भार काढायचा आणि मागची टोकं ढकलून द्यायची, तेव्हा कुठे ती वळायची. पाय गुडघ्यापासून खाली चिकटलेले. दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण १९९३ मध्ये एलान कंपनीची एससीएक्स ही स्की आली, साधारण १५ मीटर त्रिज्येच्या वळणाची, आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच स्की आखूड आणि कमरेत बारीक झाल्या. अशी स्की कडेवर कलवली की स्वतःच वळते. मात्र कलवायची तर दोन पायांत जागा हवी. दादाने नव्या स्की घेतल्या, पाय जुनेच ठेवले. मलाही तेच शिकवलं आणि लोक "काय छान दिसतं!" म्हणत राहिले.

मी अर्ध्या दिवसाची शिकवणी ठरवली तेव्हा दादा म्हणाला, "पैसे जास्त झालेत का? शिकवणी पडणाऱ्यांसाठी असते."

इन्स्ट्रक्टरने माझी दोन-चार वळणं पाहिली आणि मला थेट लहान मुलांच्या उतारावर नेलं. तिथे बुटांची वरची बकलं सोडायला लावली. हा प्रकार करून पाहाच (सोप्या उतारावर आणि हळू). बकलं बंद असली की बुटाच्या पाठीला रेलून दिवस काढता येतो. सुटली की मागे टेकायला काही उरतच नाही. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली नसेल तर स्कीच्या पुढच्या भागावर भार येत नाही, आणि तिथे भार नसेल तर वळण सुरूच होत नाही, मग खांदे फिरवून ओढावं लागतं. मी नेमकं तेच करत होते. दुपारपर्यंत मांड्या पेटायच्या त्याही त्यामुळेच, सतत मागे बसल्यासारखं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? दादाचं त्यावरचं औषध होतं "जिम लाव".

मग आतली स्की उचलून, तिचं टोक बाहेरच्या स्कीवरून आडवं धरून वळायचं. डावीकडे जमलं. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या पायावर येतो, आणि तो पाय क्षणभरही एकटा उभा राहीना. काळ्या उतारावर हे कधीच उघडं पडलं नव्हतं, कारण तिथे वेग सगळं झाकतो. डोक्यावरून चेअरलिफ्ट जात होती. तिच्यातून दादा ओरडला, "बालवाडी कशी चाललीय?" माझ्या शेजारची पाच-सहा वर्षांची पोरंही हसली.

दुपारी आम्ही दोघं नेहमीच्या उतारावर गेलो. सावलीतल्या त्या कडक, चकचकीत पट्ट्यावर माझी बाहेरची स्की घसरली नाही, धरून राहिली. दादा म्हणाला, "बर्फ मऊ झाला असेल." त्याच पट्ट्यावर तो स्वतः आडवा घसरत आला होता.

तर ग्रुप की एकट्याने? एकट्याने, दोन-तीन तासांची. तुमच्या पातळीच्या ग्रुपमध्ये निम्मा वेळ एकामागोमाग उतरण्यात जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येतं. सुट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घ्या, म्हणजे पुढचे दिवस सरावाला मिळतात. शेवटच्या दिवशी घेतलेली शिकवणी विमानतळावरच विसरते. "माझं स्कीइंग सुधारा" असं मोघम सांगू नका. कडक बर्फावर घसरतो, मोगलमध्ये (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांच्या रांगेत) तिसऱ्या ढिगाऱ्याला ताल जातो, असं नेमकं काहीतरी सांगा. व्हिडिओ काढायला लावा. स्वतःला पाहून वाईट वाटेल, पण घरच्यांशी वाद घालायला तो फार उपयोगी पडतो. आणि इन्स्ट्रक्टर नुसता पुढे पळत "माझ्या मागे या" म्हणत असेल तर दुसऱ्या वेळी दुसरा मागा.

हो, बूट सैल असतील तर आधी बुटांचं बघा. आत टाच उचलली जात असेल तर जगातला कुठलाही इन्स्ट्रक्टर काही करू शकत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर सुरुवातीलाच सांगा. आखलेल्या उतारांबाहेर जायचं असेल तर ही शिकवणी पुरणार नाही. हिमस्खलनाचं प्रशिक्षण वेगळं घ्यायचं, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं वापरता यायला हवं. आणि तुम्ही जसे उतरता त्यात मजेत असाल, तर नका घेऊ, कुणाची सक्ती नाही. पण मग दुसऱ्यांना शिकवायलाही जाऊ नका.

गेल्या वेळी दादा जेवणानंतर कॅफेतच बसून राहिला, मांड्या भरून आल्या म्हणून. जिमला तो नियमित जातो. तिथे वहिनी समोर होती, म्हणून मी काही बोलले नाही. इथे बोलतेय.