२३ किलोंतला बाळंतविडा

प्रश्न : मुलगी म्युनिचला असते. ऑक्टोबरमध्ये तिचं बाळंतपण आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच विमानानं निघालोय, ओझरहून दिल्ली आणि तिथून म्युनिच. तिकिटावर सामानाच्या रकान्यात नुसतं '१ पीसी' लिहिलंय. हे म्हणतात माणशी तीस किलो, शेजारचे म्हणतात शेहेचाळीस. डिंकाचे लाडू, घरचं तूप, कुरडया, काळा मसाला आणि बाळाची दुपटी एवढं तरी न्यायचंच आहे. कसं भरू? (एक होऊ घातलेली आजी, नाशिकरोड)

उत्तर : ताई, आधी घरातला वाद मिटवते. दोघंही खरं बोलताहेत, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी तिकिटाबद्दल. आखातातल्या कंपन्या पुष्कळदा किलोंत हिशोब करतात, तीस किलो तिथलं. अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याचदा तेवीसच्या दोन बॅगा मिळतात, शेहेचाळीस ते. तुमचं '१ पीसी' म्हणजे माणशी एक नग. इकॉनॉमीत हा नग सहसा २३ किलोंचा असतो आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत लागते. तरी तुमच्या तिकिटाचा नेमका आकडा कंपनीच्या ॲपमध्ये पीएनआर टाकून जावयाला बघायला सांगा.

नगात एक मेख आहे. दोघांचे मिळून ४६ असं धरून तुम्ही एक बॅग २७ची आणि दुसरी १९ची नेलीत, तर २७च्या बॅगेला जादा पैसे पडतात. किलोंच्या पद्धतीत एकाच पीएनआरवरच्या माणसांचं वजन बऱ्याच कंपन्या एकत्र धरतात. नगात प्रत्येक बॅग आपापल्या वजनाची. आणि पैसे भरायची तयारी असली तरी ३२ किलोंच्या वरची बॅग प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत, कारण ती शेवटी कुणाला तरी हातानं उचलायची असते.

तिकीट एक आहे की दोन, हेही आजच बघा. ओझर ते म्युनिच एकाच तिकिटावर असेल तर साधारणपणे सगळ्या वाटेला तोच नियम लागतो. पण स्वस्त पडतं म्हणून ओझर-दिल्ली वेगळं काढलं असेल, तर तिथे देशांतर्गत हिशोब, म्हणजे बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो. ओझरलाच आठ-आठ किलोंचे पैसे मोजा, दिल्लीत पट्ट्यावरून बॅगा उतरवा आणि पुन्हा रांगेत लागा. मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं लोकांची तिकिटं काढली. हा प्रश्न लोक विचारायचे तो निघायच्या आदल्या रात्री.

लोकांना शिकवणारी मी स्वतः काय केलं, तेही ऐका. लेकाकडे पहिल्यांदा निघाले तेव्हा मुंबईच्या काउंटरवर माझी बॅग भरली २६ किलो ४००. घरी हातानं उचलून 'असेल बावीसेक' म्हटलं होतं. मग काय, सगळ्या रांगेसमोर फरशीवर बॅग उघडली. वरच परकर, खाली पापडांचे पुडे आणि तळाशी माहेरचं पितळी पुरणयंत्र. ते उचलून ह्यांच्या हातात दिलं. हे मला सोडायला आले होते. ते यंत्र मांडीवर घेऊन कसारा घाटातून नाशिकला परत आले. परतल्यावर रिकामी बॅग काट्यावर ठेवली, ती नुसतीच साडेपाच किलो! तर ताई, बॅग निवडतानाच तिचं वजन विचारा. भरून झाली की साहेबांना घरच्या वजनकाट्यावर आधी एकटं उभं करा, मग बॅगेसकट, आणि वजाबाकी करा. बावीसवर थांबा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं फारसं पटत नाही.

आता तुपाचं. वाईट वाटेल, पण ते राहू द्या. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाच्या बाहेरून प्रवाशांना नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात आलं. बाळाच्या दुधाच्या पावडरीला २ किलोंपर्यंत सवलत आहे. म्हणून माझं म्हणणं, लाडू तिथेच वळा. बिनमिठाचं लोणी जर्मनीत कुठल्याही दुकानात मिळतं. ते कढवा, घरभर वास सुटला की लेकीला नाशिकला आल्यासारखं वाटेल. इथून डिंक, खारकेची पूड, सुंठ आणि बाळंतशोपा न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र बॅगेत नकोत, ना मोठ्या ना हातातल्या. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक मालात मोडतं. तिथे किसलेलं पाकिटात मिळतं, तेच वापरा.

खसखस लाडवांत घालता ना? तुम्ही दिल्लीहून थेट जाताय म्हणून निभावलं. पण हे वाचून कुणी दुबईमार्गे निघालं असेल तर चिमूटभरही ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, आणि तिथल्या अधिकाऱ्याला बाळंतिणीचे लाडू समजावून सांगत बसायची वेळ कुणावर न येवो.

कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत. ताजा भाजीपाला आणि फळं यांना तिथे रोपस्वच्छतेचा, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. सुटका फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांची. ऑक्टोबरात आपली द्राक्षं नसतात, तो मोह आपसूकच टळला.

कुरडया, पापड, काळा मसाला खुशाल न्या, पण मोठ्या बॅगेत. कुरडयांना वजन नाही, जागा मात्र भारी खातात. त्या डब्यात भरून मधल्या फटींत दुपटी कोंबा, म्हणजे चुराही होणार नाही. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे टाका. एक बॅग मागे राहिली तरी कुणी नेसत्या कपड्यांवर राहणार नाही. तशी राहिलीच, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी लेखी तक्रार नोंदवून घ्या.

हातातल्या बॅगेत बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटासह, डॉक्टरांची चिठ्ठी, दागिने आणि पॉवर बँक. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालतच नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची भरते, मर्यादा १००ची, म्हणजे चिंता नाही. तेल, क्रीम, टूथपेस्ट १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि सगळ्या मिळून १ लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी संपलेली २०० मिलीची बाटली काढून घेतात. ते बाटली बघतात, आतलं तेल नाही.

प्रश्न : सासरे ८१ वर्षांचे. बेंगळुरूला नातवाच्या मुंजीला निघालेत. पानाचा डबा, अडकित्ता आणि काडेपेटी यांशिवाय घराबाहेर पडत नाहीत. (एक सून, पंचवटी)

उत्तर : काडेपेटी दोन्हीकडे बंद, ती घरीच. अडकित्ता मोठ्या बॅगेत, तोही फडक्यात गुंडाळून. पण मामंजींना हे ओझरच्या तपासणीच्या पट्ट्यासमोर कळू देऊ नका, आदल्या दिवशी सांगा. सुपारी घरूनच कातरून डबी भरून द्या, बेंगळुरूला उतरेपर्यंत पुरेल एवढी.