रेडिएटर तापत नसेल, तर आधी पिन पाहावी

म्युनिकला मुलीच्या भाड्याच्या घरी एका खोलीतला रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारे भिंतीवरचे उपकरण) २२ अंश लावूनही थंडगार राहतो, तेव्हा दादरला परतण्यापूर्वी तिथला स्मार्ट व्हॉल्व्ह बदलून द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की इतक्यात बदलू नये. मी मुलुंडचा असलो तरी काही वर्षांपासून हिवाळा मुलाकडे जर्मनीत काढतो, आणि पहिल्याच वर्षी याच घाईपायी एक नवा नग विनाकारण विकत घेतला आहे.

ज्याला आपण स्मार्ट व्हॉल्व्ह म्हणतो ते खरे तर बॅटरीवर चालणारे, आत छोटी मोटर असलेले टोपण असते. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह त्याच्यामागे, पितळेचा, पाइपाला जोडलेला असतो. त्यातून एक बारीक पिन डोकावते. मोटरने ती आत दाबली की गरम पाणी बंद होते आणि सोडली की स्प्रिंगच्या जोराने ती बाहेर येऊन पाणी सुरू होते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला, तर पिन दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसते. गावचे घर वर्षभर बंद ठेवल्यावर नळाची चावी जाम होते, तसाच हा प्रकार आहे. रेडिएटर खाली गरम आणि फक्त वरच्या बाजूला थंड असेल, तर मात्र दोष पिनचा नसून आत साठलेल्या हवेचा असतो.

तपासताना आधी ॲपमधून किंवा बटणाने मोटर मागे घ्यावी आणि मग कॉलर, म्हणजे टोपण व्हॉल्व्हला आवळून धरणारी कडी, हाताने सैल करून टोपण काढावे. एवढ्याने पाणी सांडत नाही. पिन एखाद्या सपाट, टणक वस्तूने दाबून पाहावी (मी लाटण्याचे टोक वापरले होते, सुनेला ते रुचले नाही). ती थोडी आत जाऊन आपोआप बाहेर यायला हवी. येत नसेल तर पितळेच्या बाजूला हलके ठोके द्यावेत, पिनच्या बुडाशी सिलिकॉनचा फवारा मारावा आणि ती धीराने पुन्हा पुन्हा दाबावी. पक्कडीने मात्र ओढू नये, कारण ती उपटून आली तर पाइपातले गरम, काळे पाणी खोलीभर होईल.

पिन मोकळी असूनही मोटर हलत नसेल, तर बॅटऱ्या पाहाव्यात. रिचार्जेबल बॅटरी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देते, त्यामुळे टोपण लवकर कुरकुर करते. अल्कलाइन घालाव्यात आणि नंतर मोटरला पिनचा अंदाज पुन्हा घेऊ द्यावा. त्यानेही भागले नाही, तरच नवे टोपण घ्यावे. बहुतेक टोपणांचा आटा ३० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या दोन वेढ्यांत १.५ मिलिमीटर अंतर असते, पण काही व्हॉल्व्हना ॲडॅप्टर लागतो, म्हणून आधी मोजून घ्यावे. पितळी व्हॉल्व्हच बदलायचा असेल तर सहसा पाणी उतरवावे लागते. ते काम घरमालकाने नेमलेल्या माणसाचे आहे. मूळचे साधे टोपण जपून ठेवावे, घर सोडताना तेच परत बसवावे लागते.

मुलगी सुट्टीत मुंबईला येणार असेल, तर आपल्या सवयीप्रमाणे सगळे बंद करून निघू नये असे तिला सांगावे. थंडीत १५-१६ अंशांवर ठेवले की भिंतींना बुरशी धरत नाही. आणि उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे ऑक्टोबरात लाटणे शोधावे लागणार नाही.