ब्रेकियल प्लेक्ससच्या इजेत डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सल्ला कितपत धरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ चार महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला, तेव्हापासून उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लुळा आहे. म्हणजे इजा ब्रेकियल प्लेक्ससला, मानेच्या मणक्यातून मुळांनी निघून हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला. हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि हाताचे फोटो डॉक्टरांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, तिथून "अजून थांबून बघा" असं उत्तर आलं. तुम्ही मात्र अशाच एका रुग्णाला सहा महिन्यांत कोपर वाकवताना रीलमध्ये पाहिलंत. आता खरं कुणाचं मानायचं?

मी प्लास्टिक सर्जन आहे. माझं बरंचसं काम हातांचं आणि नसांचंच. तुमच्या डॉक्टरांनी ग्रुपवर विचारलं यात गैर काहीच नाही. ज्यांना आपल्याला एकट्याला सगळं कळत नाही असं वाटतं, ते विचारतात. आमच्या क्षेत्रात हे जगभर चालतं. फेसबुकवरच्या इंटरनॅशनल मायक्रोसर्जरी क्लबसारख्या गटात एका देशातली अवघड केस पडते आणि काही वेळात दुसऱ्या देशांतले सर्जन त्यावर बोलू लागतात.

जे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी फोनसारखी सोय नाही. मांडीवरचा फ्लॅप, म्हणजे कातडी-मांसाचा तुकडा, रक्तवाहिन्यांसकट काढून पायाच्या जखमेवर जोडला आणि रात्री दोन वाजता तो निळसर दिसू लागला, तर निवासी डॉक्टर फोटो पाठवतो, सर्जन घरूनच सांगतो की शीर तुंबली आहे, ऑपरेशन थिएटर तयार करा. असे फ्लॅप काही तासांत उघडले तर वाचतात. तुटलेल्या बोटाचंही तसंच. फोटो बघून तालुक्याच्या डॉक्टरांना सांगता येतं: बोट ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घाला, ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फावर नको.

नसेचं तसं नाही. फोटोत प्रत्येक लुळा हात सारखाच दिसतो. नस ताणली गेली आहे, फाटली आहे की मणक्यापासून मुळासकट उपटली आहे, हे हात लावून तपासल्याशिवाय ठरत नाही. त्या बाजूची पापणी किंचित खाली आली आहे का, डोळ्याची बाहुली लहान आहे का? असेल तर खालची मुळं उपटल्याची शंका दाट होते. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला बोटाने टकटक केल्यावर हातात मुंग्या जातात का? जात असतील तर निदान काही मुळं मणक्याला अजून जोडलेली असावीत. उपटलेलं मूळ आपोआप कधीच जुळत नाही, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

आणि इथे वेळ फार मोलाचा आहे. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेपासून पंजापर्यंतचं अंतर गाठायला तिला दोन वर्षं लागतील. पण नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून नसेची शस्त्रक्रिया शक्यतो तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते. तुमचे चार झालेत. ग्रुपवरच्या ज्यांनी "थांबा" म्हटलं, त्यांना अपघाताची तारीख सांगितली होती का, हे मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचं आहे.

आता तो रील. पुन्हा बघा आणि रुग्णाच्या बोटांकडे लक्ष द्या. बोटं हलत असतील तर त्याची वरची दोनच मुळं गेली असावीत आणि बहुधा त्याच्यावर फ्रेंच सर्जन ओबर्लिन यांची १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत वापरली असावी. तिच्यात पंजाकडे जाणाऱ्या चांगल्या नसेतला एक छोटा धागा दंडाच्या नसेला जोडतात. जोड स्नायूच्या अगदी जवळ असतो, म्हणून बेटकुळी काही महिन्यांत फुगू लागते. तुमच्या भावाची बोटंच हलत नाहीत, तर द्यायला तो धागाच नाही. तिथे बरगड्यांमधल्या नसा वापरता येतात, आणि मग सुरुवातीला दीर्घ श्वास घेतल्यावर कोपर वाकतं. वेळ अधिक लागतो, ताकद कमी येते. शिवाय ज्यांना गुण आला नाही त्यांचे व्हिडिओ सहसा कुणी टाकत नाही. सर्जन लोकही तेच रील बघतात, त्यामुळे आमच्याही अपेक्षा वाढतात. मला याची खरंच काळजी वाटते.

माझं मत स्पष्ट आहे: पुढच्या आठ-दहा दिवसांत भावाला घेऊन ब्रेकियल प्लेक्ससचं काम नियमित करणाऱ्या सर्जनकडे स्वतः जा. मुंबई-पुण्यात आहेत, कोइंबतूरलाही आहेत. तुमच्या डॉक्टरांनाही सोबत धरा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसारही, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं तरी उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्या डॉक्टरांचीच राहते. त्यांना ग्रुपवर पुन्हा विचारायचं असेल तर फोटोऐवजी भाऊ एकेक हालचाल करून बघतोय असा व्हिडिओ, प्रत्येक स्नायूची ताकद, ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) आणि अपघाताची तारीख द्यायला सांगा. चेहरा आणि एमआरआयच्या कोपऱ्यातलं नाव झाकलेलं असावं, आणि भावाची परवानगी घेतलेली असावी.

तोवर फिजिओ एक दिवसही चुकवू नका. खांदा, कोपर, बोटं रोज दुसऱ्या हाताने पूर्ण हलवून घ्या. सांधे आखडले तर नस कितीही चांगली जोडली तरी कोपर वाकणार नाही. आणि वर्ष उलटून गेलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही दाखवून घ्यावं, कारण मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू त्याच्या नसेसह दंडावर जोडण्याचा मार्ग तेव्हाही खुला असतो.