ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचं 'वंडरवॉल' खरंच प्रेमगीत आहे का? ते तयार कसं झालं आणि ब्रिटनमध्ये नंबर एकला न जाताही इतकं कसं गाजलं?

प्रश्नाचा पहिला भाग अवघड आहे, कारण लिहिणाऱ्यानेच त्याची दोन उत्तरं देऊन ठेवली आहेत. मी हौशी गिटारवाला. हे गाणं स्वतः वाजवलंय आणि इतरांचं त्याहून जास्त ऐकून घेतलंय, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

1996 साली बँडचा गिटारवादक आणि या गाण्याचा लेखक नोएल गॅलाघर याने 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाला सांगितलं की गाणं त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीवर, मेग मॅथ्यूजवर आहे. 1997 मध्ये दोघांचं लग्न झालं, 2001 मध्ये घटस्फोट. त्यानंतर साहेबांनी सूर बदलला. म्हणे गाण्याचा अर्थ माध्यमांनीच परस्पर ठरवून टाकला. बायकोने एकदा छापून आलेलं वाचल्यावर 'हे तुझ्यावर नाहीये गं' असं सांगायचं तरी कसं? खरं तर ते एका काल्पनिक मित्राबद्दल आहे, जो येईल आणि तुम्हाला तुमच्यापासूनच वाचवेल. आता घटस्फोटानंतरची साक्ष कितपत धरायची हा प्रश्न आहेच. पण शब्द नीट ऐकले तर मला दुसरं उत्तर जास्त पटतं. अख्ख्या गाण्यात 'लव्ह' हा शब्द एकदाही येत नाही. गाणारा म्हणतो की तुला बरंच काही सांगायचंय पण सांगता येत नाही, आणि ध्रुवपदात येतो तोही 'कदाचित' लावूनच. कबुली देणारी प्रेमगीतं ढिगाने आहेत. हा मात्र अडकलेला माणूस आहे, आणि कुणीतरी आपल्याला यातून बाहेर काढेल अशी त्याला अंधूक आशा आहे. माझ्या मते गाणं रोमँटिक वाटतं ते याच अडखळण्यामुळे.

हे अडखळणं नुसतं शब्दांत नाही, बोटांतही आहे. गिटार असेल तर करून बघा. दुसऱ्या पडद्यावर केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर, केपोपासून तिसऱ्या पडद्यावर ठेवा आणि तिथेच राहू द्या. आता फक्त तर्जनी आणि मधलं बोट हलवत ई मायनर सेव्हन, जी, डी सस फोर, ए सेव्हन सस फोर असे कॉर्ड धरा. जवळजवळ गाणंभर ती दोन बोटं जागची हलत नाहीत. कॉर्ड बदलतात, पण वरचे दोन सूर तानपुऱ्यासारखे मागे घुमतच राहतात. त्यात 'सस' कॉर्ड म्हणजे पुरता न मिटलेला कॉर्ड; कान पुढच्या सुराची वाट बघत राहतो आणि तो सूर काही येत नाही. शिकाऊ माणसाला हे सोपं का जातं हेही इथेच कळेल. अर्धा हात स्थिर! अवघड आहे तो उजव्या हाताचा ठेका, आणि हॉस्टेलच्या खोलीत नव्वद टक्के लोक तिथेच मार खातात.

ध्वनिमुद्रण झालं 1995 च्या मे महिन्यात, वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. हा मुळात शेतावरचा गोठ्या-तबेल्यांचा पसारा, त्याचा स्टुडिओ केलेला. क्वीन बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं कामही इथे झालं होतं. निर्माते नोएल आणि ओवेन मॉरिस. ड्रम्सवर ॲलन व्हाइट, नुकताच बँडमध्ये आलेला. काम झपाट्याने चाललं होतं, साधारण दिवसाला एक गाणं. सुरुवातीला गाण्याचं नाव होतं 'विशिंग स्टोन'. गाणार कोण यावर नोएल आणि त्याचा धाकटा भाऊ, बँडचा गायक लियम, यांच्यात घासाघीस झाली. नोएलला 'वंडरवॉल' किंवा 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' यांपैकी एक स्वतः गायचं होतं. लियमने 'वंडरवॉल' घेतलं, दुसरं नोएलकडे गेलं. दोघांचंही भलं झालं. लियमचा खरखरीत, थोडा उद्दाम आवाज नसता तर हे गाणं रडकं झालं असतं अशी भीती मला वाटते. मांडणीही संयमाची आहे. आधी गिटार आणि आवाज, मग मेलोट्रॉनवरचा (टेपवर साठवलेले वाद्यांचे आवाज काढणारा जुना कीबोर्ड) चेलोसारखा सूर, ड्रम्स उशिरा. अल्बमवर तर सुरुवातीला कुणीतरी खोकलेलंही तसंच ठेवलंय.

नावाची गोष्ट आपल्यापर्यंत येते. 'वंडरवॉल' हे नाव बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या 1968 च्या 'वंडरवॉल म्युझिक' या रेकॉर्डवरून उचललेलं. ते जो मॅसो यांच्या 'वंडरवॉल' चित्रपटाचं संगीत होतं, आणि त्याचा मोठा भाग हॅरिसनने जानेवारी 1968 मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. संतूरवर शिवकुमार शर्मा होते. म्हणजे मँचेस्टरच्या पोरांनी घेतलेलं हे नाव मुंबईचा फेरा मारून आलेलं आहे. चित्रपटाची गोष्ट मात्र फारशी हळुवार नाही. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ भिंतीतल्या भोकातून शेजारणीकडे बघत बसतो! पुढे हॅरिसन ओएसिसबद्दल, त्यातही लियमबद्दल, फार काही बरं बोलला नाही, तो भाग वेगळा.

आता गाजण्याबद्दल. ऑगस्ट 1995 मध्ये ब्लर हा दुसरा ब्रिटिश बँड आणि ओएसिस यांची प्रसिद्ध 'ब्रिटपॉपची लढाई' झाली; ब्रिटपॉप म्हणजे नव्वदच्या दशकातलं ब्रिटिश गिटार-पॉप. एकाच दिवशी दोघांची सिंगल्स बाजारात, आणि त्यात ब्लर जिंकले. ओएसिसचं ते गाणं, 'रोल विथ इट', आज किती जणांच्या तोंडी आहे? 2 ऑक्टोबरला अल्बम आला आणि 30 ऑक्टोबरला 'वंडरवॉल'चं सिंगल. ब्रिटनमध्ये ते दोन नंबरवर अडकलं. वर कोण होतं, तर रॉबसन आणि जेरोम, एका टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनी गाणी गाणारे. त्यांना रेकॉर्डिंगला राजी करणारा सायमन कॉवेल, जो पुढे टॅलेंट शोचा परीक्षक म्हणून जगभर माहीत झाला. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये गाणं नंबर एक झालं, अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. कुठल्याही ब्रिटपॉप बँडसाठी अमेरिकेत ही मोठीच मजल. त्याच डिसेंबरात माइक फ्लॉवर्स पॉप्सने त्याचं हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजावं असं थट्टेखोर रूप काढलं, तर तेही ब्रिटनमध्ये दोन नंबरला! 1996 च्या ब्रिट पुरस्कारांत नायजेल डिकच्या कृष्णधवल व्हिडिओला सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान मिळाला.

पुढचं आयुष्य त्याहून मजेशीर. 2008 मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य कलाकार म्हणून अमेरिकी रॅपर जे-झीला बोलावलं, तेव्हा तिथे हिप-हॉप नको म्हणून नोएल कुरकुरला. जे-झी मंचावर आला तो गळ्यात गिटार अडकवून, आणि सुरुवातीलाच 'वंडरवॉल' बेसूर गायला. पब्लिकने ते एका सुरात उचललं. अमेरिकी गायक रायन ॲडम्सने केलेलं संथ, एकाकी रूप नोएललाही आवडलं होतं. तुम्हाला गाण्यातलं प्रेम शोधायचंच असेल तर आधी ते ऐका. ठेका काढून घेतला की शब्दांतली असहायता उघडी पडते. आणि इंटरनेटवरचे विनोद तुम्हाला ठाऊक असतीलच. पार्टीत कुणी न सांगता गिटार काढणारा आणि तेच चार कॉर्ड छेडणारा मुलगा हा आता जागतिक चेष्टेचा विषय आहे. मी त्या मुलाच्या बाजूने आहे. पहिलं पूर्ण गाणं वाजवता आल्याचा आनंद ज्याला मिळालाय तो हसणार नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या सिंगलच्या मागच्या बाजूला 'द मास्टरप्लॅन' नावाचं गाणं टाकलं होतं, नोएलने स्वतः गायलेलं, आणि माझ्या मते 'वंडरवॉल'पेक्षा उजवं. असं गाणं बी-साइडला वाया घालवायला तेव्हाच्या ओएसिसचाच माज हवा. नंतर नोएलनेही त्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

लियमने तर 2008 मध्ये सांगून टाकलं होतं की 'वंडरवॉल' गायची वेळ आली की मळमळतं. पुढच्या वर्षी बँड फुटला. 4 जुलै 2025 ला कार्डिफमध्ये दोघे भाऊ पुन्हा एका मंचावर आले, तेव्हा शेवटच्या चार गाण्यांत 'द मास्टरप्लॅन'ही होतं आणि 'वंडरवॉल'ही. ते लियमनेच गायलं.