सेपरेटरमध्ये नॅनोकण जास्त घातले तर बॅटरी जास्त सुरक्षित होते का?

तुम्ही विचारलंय की सेपरेटर, म्हणजे बॅटरीतले दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू न देणारा सच्छिद्र पडदा, पीव्हीडीएफ या पॉलिमरपासून इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने सुईतून द्रावणाचे बारीक तंतू ओढून) करताना त्यात सिलिकाचे नॅनोकण ३ टक्क्यांऐवजी १५ टक्के घातले तर फायदा तितकाच वाढेल का. नाही वाढणार. हे पडदे मी स्वतः केलेत, आणि माझं ठाम मत आहे की कण किती घातले यापेक्षा ते सुटे राहिले का, हे महत्त्वाचं.

मुळात कण नसतानाही हा पडदा सरस असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या नेहमीच्या सेपरेटरमध्ये साधारण ४० टक्के जागा मोकळी असते. तंतूंच्या या जाळीत ती सहज ७०-८० टक्क्यांवर जाते. दोन्हींवर इलेक्ट्रोलाइटचा (बॅटरीत आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब टाकून बघा. पॉलिप्रॉपिलीनवर तो थेंबासारखाच बसून राहतो, जाळीवर टेकताक्षणी जिरतो.

कणांमुळे पॉलिमरची स्फटिकता (रेणूंची घट्ट, शिस्तशीर रचना) कमी होते, त्यामुळे तो इलेक्ट्रोलाइट जास्त धरतो. शिवाय कणांचा पृष्ठभाग ऋण आयनांना थोपवतो आणि लिथियमला वाट सोपी होते. पण हे काम पृष्ठभागाचं आहे. गुठळी झाली की आतला पृष्ठभाग वायाच गेला.

गुठळ्या डोळ्यांनाही कळतात. सुईच्या टोकाशी थेंबाचा नीट शंकू होत नाही, धार तुटते, थोड्या वेळात सुई तुंबते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर मणी ओवल्यासारखे दिसतात, आणि ताण आला की पडदा बहुधा तिथेच फाटतो. म्हणून कणांच्या गुठळ्या आधी नुसत्या डीएमएफमध्ये (पॉलिमर विरघळवणाऱ्या द्रावकात) अल्ट्रासोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, फोडून घ्या, पॉलिमर नंतर घाला, आणि द्रावण त्याच दिवशी वापरा. सिलिका ओल धरते, तेव्हा सेल जोडण्याआधी पडदा निर्वात ओव्हनमध्ये वाळवायलाच हवा. पाणी राहिलं तर लिथियमच्या मिठापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं.

आता सुरक्षिततेचं. कणांमुळे पडद्याचं तापल्यावर आकसणं कमी होतं, पण पीव्हीडीएफ १७० अंशांच्या आसपास वितळतो तो वितळतोच. उष्णता सोसणारा पडदा हवा असेल तर पॉलिमरच बदला: पॉलिॲक्रिलोनायट्राइल किंवा पॉलिइमाइड घ्या. जाळीची छिद्रं मोठी असतात, त्यातून डेंड्राइट (लिथियमचे सुईसारखे वाढणारे काटे) पलीकडे जाऊ शकतात. त्यासाठी गरम दाबयंत्रात पडदा हलका दाबून घ्यावा. थोडी मोकळी जागा जाते, ती जाऊ द्या.

तुमच्याकडे ३ आणि १५ टक्क्यांचे दोन्ही पडदे असतील तर एकाच मापाच्या चकत्या कापून १५० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि व्यास मोजा. त्याच पडद्यांच्या पट्ट्या ओढून कुठली आधी तुटते तेही पाहा.